पेठेचा संघ, गावाचे मैदान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर पोरांना मैदानावर उभे केले. म्हणून आजचा विषय मी मैदानावरचाच निवडला. गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास. आपल्या परभणीत या खेळाला पेठ नाही, गल्ली नाही, हंगाम नाही. तरीही मला वाटते की हा विषय ऐकण्याची गरज कोल्हापूरपेक्षा परभणीला जास्त आहे.

फुटबॉल हा आपल्या भागाचा खेळच नाही, असे आपण सहज म्हणतो. जरा मागे जाऊ. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. त्या काळात या राज्याची राजधानी भारतीय फुटबॉलचीही राजधानी होती. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ पासून खेळला जात होता. देशातल्या जुन्या आणि मानाच्या स्पर्धांत तो गणला जाई. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक असलेला हा माणूस पुढे भारताच्या संघाचाही प्रशिक्षक झाला. १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जकार्तात भारताने आशियाई स्पर्धांचे सुवर्णपदक जिंकले, १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. या तिन्ही वेळी संघामागे रहीम साहेब होते आणि मेलबर्नच्या संघातले अनेक खेळाडू हैदराबादचे होते. ‘मैदान’ हा चित्रपट २०२४ मध्ये आला आणि अजय देवगणमुळे तरी रहीम साहेबांचे नाव घरोघरी पोचले. पण ज्या वर्षांत ते हा इतिहास घडवत होते, त्यांतली बरीच वर्षे आपले आजोबा त्याच राज्याचे नागरिक होते, हे आपल्याला कुणी सांगितले नाही.

मग हे सगळे गेले कुठे? रहीम साहेब ११ जून १९६३ ला कर्करोगाने गेले आणि त्यांच्या मागोमाग हैदराबादचा फुटबॉलही ओसरत गेला. याची कारणे अनेक सांगितली जातात. माझे मत असे की तो संघ एका खात्याचा होता. पोलीस खात्याने खेळाडूंना नोकरी दिली, सराव दिला, पोसले. खात्याचा उत्साह टिकला तोवर संघ टिकला. खात्यात बदल्या होतात, अधिकारी निवृत्त होतात, नव्या साहेबाला दुसरे काही आवडते. शहराने त्या संघावर जीव लावला, पण संघ शहराच्या हातात कधीच नव्हता. आज मी जे काही सांगणार आहे, ते या एका मुद्द्याभोवती फिरते. संघ कुणाचा असतो?

याचे उत्तर शोधायला कोल्हापूरला जावे लागते.

कोल्हापूर म्हटले की आपल्याला कुस्ती आठवते, आणि ते बरोबरच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. पण खासबागेपासून हाकेच्या अंतरावर आणखी एक मैदान आहे, रावणेश्वर तळ्याच्या जागी उभे राहिलेले शाहू स्टेडियम. जुन्या शहराच्या पोटात, पेठांच्या मधोमध. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस सरला की इथे फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. आधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे कोल्हापूरकर ज्याला नुसते ‘केएसए’ म्हणतात त्या संस्थेची साखळी स्पर्धा. तिच्या वरिष्ठ गटात सोळा संघ. मग एकामागून एक चषक. संध्याकाळी पेठेतली माणसे दुकान पोरावर सोपवून, कारखान्यातली पाळी बदलून स्टेडियमवर जातात. तिकीट काढून जातात, हे मुद्दाम सांगतो. फुकट पाहण्याची सवय असलेल्या आपल्या भागात हा मोठा फरक आहे.

या संघांची नावे ऐका. पाटाकडील तालीम मंडळ. दिलबहार तालीम मंडळ. बालगोपाल तालीम मंडळ. खंडोबा तालीम मंडळ. जुना बुधवार पेठ तालीम मंडळ. ऋणमुक्तेश्वर तालीम मंडळ. शिवाजी तरुण मंडळ. संध्यामठ तरुण मंडळ. प्रॅक्टिस क्लब. फुलेवाडी क्रीडा मंडळ. उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. जगात कुठेही फुटबॉल संघांना अशी नावे नसतील. वर्तमानपत्रात ‘पाटाकडील अ’ आणि ‘पाटाकडील ब’ असे छापून येते, कारण एकाच तालमीचे दोन दोन संघ मैदानात असतात.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. लाल माती, मारुतीची मूर्ती, जोर, बैठका. कोल्हापुरात ती पेठेची सार्वजनिक जागाही झाली. गणपती तालमीचा, शिवजयंतीची मिरवणूक तालमीची, मर्दानी खेळांची पथके तालमीची. मोहरमचे पंजेही अनेक तालमींत बसतात आणि त्यांत हिंदू-मुसलमान दोघेही असतात. परभणीच्या उरुसात वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने शहराला वेढा घातला, तेव्हा पाण्यात अडकलेल्यांना काढायला आणि त्यांच्या जेवणाखाण्याची सोय करायला तालमींची आणि मंडळांची पोरे पुढे होती. अशा ठिकाणी फुटबॉल आला, आणि तो तालमीच्या बाकीच्या कामांत मिसळून गेला. संघ काढायला वेगळी संस्था काढावी लागली नाही. वर्गणी मागणारे, हिशेब ठेवणारे, भांडण मिटवणारे, दंगा करणाऱ्या पोराचा कान पकडणारे लोक तिथे आधीपासूनच बसलेले होते.

राजघराण्याचा आश्रय या खेळाला मिळाला, हे खरे. केएसए १९४० मध्ये स्थापन झाली तेव्हा कोल्हापूर संस्थान होते. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थान गेले तशा अनेक संस्थानी गोष्टी गेल्या, पण फुटबॉल गेला नाही. आजही छत्रपती घराण्यातले मालोजीराजे केएसएच्या कामात पुढे आहेत. माझ्या दृष्टीने आश्रयाहून मोठी गोष्ट ही की संस्थेने दरवर्षी एक वेळापत्रक लावले आणि संघांनी ते मानले. संघाची नोंदणी, खेळाडूची नोंदणी, कोणता खेळाडू कोणत्या संघाचा हे हंगामाआधी ठरणे, पंच बाहेरून न आणता गावातच तयार होणे, शिस्तभंगाची सुनावणी होणे. हे सगळे रूक्ष काम आहे. त्याचा सत्कार होत नाही. पण हेच काम नसेल तर जिल्ह्यातले उत्तम खेळाडू वर्षातून एकदा एखाद्या चषकासाठी एकत्र येतात, बक्षीस घेतात, आणि पुन्हा पांगतात. मराठवाड्यात आपण हेच करत आलो आहोत, मग तो खेळ कोणताही असो.

या पेठांतून मोठे खेळाडूही गेले. निखिल कदम पुणे एफसी आणि मोहन बागानकडून खेळला. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषक स्पर्धेत भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. मुलींचे म्हणाल तर एफसी कोल्हापूर सिटी हा संघ २०१९ मध्ये भारतीय महिला लीगच्या अंतिम टप्प्यात खेळला. तालमीची परंपरा पुरुषांची. त्यामुळे मुलींचा संघ तिथवर पोचला हे मला अनिकेतच्या विश्वचषकाइतकेच महत्त्वाचे वाटते, आणि पेठांनी मुलींच्या संघांना मुलांइतकी गर्दी अजून दिलेली नाही याचे दुःखही वाटते.

कोल्हापूरचे कौतुक करताना त्याचे दोष झाकणे मला मंजूर नाही. पेठेचा अभिमान पेठेच्या वैरात बदलायला वेळ लागत नाही. प्रेक्षकांत हुल्लडबाजी होते, मैदानावर हाणामारी होते, सामने थांबवावे लागतात, पोलीस बंदोबस्त वाढतो. शिवाय चषकांची बक्षिसे वाढली तशी जिंकण्याची घाई वाढली. बाहेरचे खेळाडू आणले जाऊ लागले, परदेशी खेळाडूही आले आणि किती घ्यावेत यावर नियम करावे लागले. चषकांना पुढाऱ्यांची नावे लागली. पैसा आला हे चांगले, पण बाहेरच्या अकरा जणांना पगार देऊन जिंकलेल्या चषकात पेठेच्या पोराचे काय उरले? कोल्हापुरातली जाणती माणसे हा प्रश्न स्वतःच विचारतात. तो त्यांनी जोरात विचारावा, कारण ज्या दिवशी तालमीचा संघ तालमीच्या पोरांचा राहणार नाही, त्या दिवशी तो हैदराबादच्या पोलीस संघासारखा कुणाच्या तरी मर्जीवर जगू लागेल.

संघ कुणाचा, या प्रश्नाची सर्वांत जुनी उत्तरे इंग्लंडमधल्या लहान गावांत सापडतात. तिथल्या क्लबांचे उदाहरण देताना आपण मँचेस्टर आणि लिव्हरपूलचीच नावे घेतो. पण तिथे व्यावसायिक साखळीच्या चार वरच्या पायऱ्यांखाली एक प्रचंड दुनिया आहे. शेकडो गावांचे शेकडो क्लब, त्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या साखळ्या. खेळाडू दिवसा नोकरी करतात, संध्याकाळी सराव. तिकीट फाडणारा, गवत कापणारा, चहा विकणारा, सगळे गावचे स्वयंसेवक. जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब याच दुनियेत आहे. २४ ऑक्टोबर १८५७ ला नथॅनिअल क्रेस्विक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी शेफिल्ड फुटबॉल क्लब स्थापन केला. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या सहा वर्षे आधी. त्यांनी खेळाचे स्वतःचे नियम लिहिले. आज हा क्लब खालच्या पायऱ्यांवर खेळतो आणि त्याचे मैदान शेफिल्डबाहेर, शेजारच्या डर्बीशायरमधल्या ड्रॉनफिल्ड गावात आहे. २०११ मध्ये या क्लबने आपले जुने हस्तलिखित नियम आणि दप्तर सदबीज या लिलावघरात विकले. आठ लाख ऐंशी हजारांहून जास्त पौंड आले. पैसे उभे करण्यासाठी स्वतःचा इतिहास विकायची वेळ यावी, हे वाचून मी हळहळलो. पण क्लब आहे. अजून खेळतो आहे.

मला त्याहून जवळचे वाटते ते हेरफर्ड. वेल्सच्या सीमेजवळचे, शेतीचे, गुरांसाठी प्रसिद्ध असलेले लहान शहर. हेरफर्ड युनायटेडची स्थापना १९२४ ची. मोठ्या सामन्याआधी हेरफर्ड जातीचा बैल मैदानाभोवती फिरवण्याची तिथे प्रथा आहे, आपण पोळ्याला मिरवतो तसा. ५ फेब्रुवारी १९७२ ला एफए कपच्या तिसऱ्या फेरीत या खालच्या साखळीतल्या क्लबची गाठ पहिल्या श्रेणीतल्या न्यूकॅसल युनायटेडशी पडली. मैदान म्हणजे नुसता चिखल. न्यूकॅसलने सामना संपत आला असताना गोल केला. मग हेरफर्डच्या रॉनी रॅडफर्डने, जो पेशाने सुतार होता, लांबून असा फटका मारला की तो गोल इंग्लंड आजही दाखवते. जादा वेळेत रिकी जॉर्जने दुसरा गोल केला. २-१. त्याच वर्षी हेरफर्डला वरच्या साखळीत जागा मिळाली.

ही गोष्ट सगळे सांगतात. तिच्या पुढचा भाग कमी जण सांगतात आणि मला तोच सांगायचा आहे. क्लब नंतर घसरला, मालक बदलले, कर्ज वाढले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने क्लब बंद करण्याचा आदेश दिला. नव्वद वर्षांचा क्लब गेला. पण त्याच महिन्यात हेरफर्ड एफसी हा नवा क्लब उभा राहिला, आणि त्यात समर्थकांच्या ट्रस्टचा वाटा होता. बऱ्याच खालच्या पायरीवरून २०१५ मध्ये खेळायला सुरुवात केली, २०१६, २०१७, २०१८ अशी तीन वर्षे लागोपाठ वरच्या पायरीवर चढले. २०१६ मध्ये लहान क्लबांच्या एफए व्हाज स्पर्धेचा अंतिम सामना वेम्ब्लीवर खेळले. तो हरले, पण गाव वेम्ब्लीला जाऊन आले. हे सगळे त्यांच्या जुन्याच एडगर स्ट्रीट मैदानावरून झाले, कारण मैदानाची मालकी क्लबच्या मालकाकडे नव्हती, स्थानिक परिषदेकडे होती. मालक बुडाला तरी मैदान बुडाले नाही. ज्या क्लबांचे मैदान सावकाराकडे गेले, त्यांतल्या काहींना वर्षानुवर्षे दुसऱ्या गावात खेळावे लागले. म्हणून मी म्हणतो, संघ कुणाचा या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. मैदान कुणाचे?

आता परभणीकडे येतो.

आपल्या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, पूर्णा, पालम, सोनपेठ. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचा मोठा परिसर आहे. कबड्डी आणि खो-खोची पोरे-पोरी प्रत्येक तालुक्यात आहेत. म्हणजे धावणारे पाय आहेत. तालमी आहेत, गणेश मंडळे आहेत, उरूस भरवणाऱ्या समित्या आहेत. म्हणजे वर्गणी गोळा करून हिशेब देणारी माणसे आहेत. कोल्हापूरला जे भांडवल होते, ते आपल्याकडे नाही असे मला वाटत नाही. नाही ती फक्त एक गोष्ट, दरवर्षी न चुकता लागणारा हंगाम.

कुणी म्हणेल, आपल्या काळ्या जमिनीवर फुटबॉल कसा खेळायचा? पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. बरोबर आहे. म्हणून हंगाम दिवाळीनंतर सुरू करावा आणि महाशिवरात्रीपर्यंत संपवावा. माती तेव्हा घट्ट असते, भेगा पडलेल्या नसतात, ऊन सोसवते. मुरूम टाकून रोलर फिरवला आणि नियमित पाणी मारले तर आपली मैदाने खेळण्याजोगी होतात. हिरवळ नंतर करता येईल. खेळ हिरवळीसाठी थांबवू नये.

सुरुवात आठ संघांची पुरे. एक रेल्वेवाल्यांचा, एक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा, दोन-तीन शहरातल्या मोहल्ल्यांचे, बाकी तालुक्यांचे. मुलींचे निदान चार संघ पहिल्याच वर्षी हवेत, पाच वर्षांनी नव्हे. दर रविवारी सामना ठरलेल्या वेळी. पाहुणे उशिरा आले म्हणून सामना उशिरा सुरू होणार नाही, आणि हारतुऱ्यांसाठी मध्यंतर वाढणार नाही. चषकाला कुणाही हयात पुढाऱ्याचे नाव नको. दर संघाचे सभासद असावेत, वर्षाला थोडी वर्गणी द्यावी आणि वर्षातून एकदा हिशेब मागावा. चार-पाच क्रीडाशिक्षकांना पंचाचे शिक्षण घेऊ द्यावे, त्यांचा खर्च गावाने करावा. वय आणि संघ यांची नोंद पहिल्या दिवसापासून काटेकोर ठेवावी, कारण खोट्या वयाचा एक खेळाडू पूर्ण साखळी नासवतो. कोल्हापूरला ज्या चुका इतक्या वर्षांनी दुरुस्त कराव्या लागत आहेत, त्या आपण पहिल्या वर्षीच टाळू शकतो. उशिरा सुरू करणाऱ्याला मिळणारा हा एकच फायदा आहे, तो सोडू नये.

आणि मैदान. शहरात जे मोकळे मैदान उरले आहे, त्यावर इमारत उभी राहू नये, बाजार भरू नये, सभामंडप कायमचा होऊ नये, यासाठी महापालिकेकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी मागणी करा. मैदान सार्वजनिक मालकीचे राहावे आणि त्याचा ताबा कुठल्याही एका संस्थेकडे कायमचा जाऊ नये. हेरफर्डला ज्याने वाचवले ते हेच.

या सभागृहात क्रीडाशिक्षक बसले आहेत, मंडळांचे कार्यकर्ते बसले आहेत, माजी खेळाडू बसले आहेत. माझी विनंती तुम्हाला आहे. या दिवाळीआधी एक दिवस बसा, आठ संघांची नावे कागदावर लिहा, पहिल्या रविवारची तारीख ठरवा, आणि ती तारीख पाळा. पहिल्या सामन्याचे तिकीट मी आजच मागून ठेवतो, आणि ते पैसे देऊनच घेणार आहे.